सब्रीमामांच्या एकसष्ट आरोळ्या

तीर्थरूप सब्रीमामांना भाचा वजदी याचा दमनहूरहून सलाम.

तुमचे गुडघे, मामींचा रक्तदाब आणि गच्चीवरची कबुतरं ठीक असतील, अशी आशा आहे. तुमच्या घशाची चौकशी करत नाही. तो ठणठणीत आहे, हे मी तीन आठवडे हेडफोन लावून ऐकतोय.

आमच्या शाहिंदाच्या साखरपुड्याला शेख बयूमी जुम्म्याची नमाज आटोपून अंगणात गायला बसले, ते एक तास पन्नास मिनिटं उठले नाहीत. पुढच्याच महिन्यात त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आता ते पाटीवर लिहून बोलतात. म्हणजे हे त्यांचं शेवटचं गाणं, आणि ते रेकॉर्ड केलं फक्त मी. ते साफसूफ करायचं, कुठलं गाणं कुठे सुरू होतं तिथे खुणा घालायच्या आणि सीडी त्यांच्या हातात द्यायची, एवढं एकच काम मी आयुष्यात आपणहून अंगावर घेतलं होतं.

आणि माइकपासून दोन हातांवर कोण बसलं? तुम्ही! अहो, अख्खं अंगण मोकळं होतं! शेखसाहेबांनी ओळ संपवली रे संपवली, की तुमचं "अल्लाऽऽ! जियो शेखसाहेब! पुन्हा एकदा!" कॉम्प्युटरवर आवाजाची रेघ दिसते. तिच्यात शेखसाहेबांच्या टेकड्या आणि तुमचे पिरॅमिड. (मधल्या वेळात तुम्ही भोपळ्याच्या बिया फोडता. एकदा तर व्हायोलिनवाल्याला "सरक की जरा, पाय आखडलाय" म्हणता, तेही नेमक्या नाजूक जागी.) मी मोजल्या, एकूण एकसष्ट आरोळ्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकेक हुडकून कापली, तुकडे बेमालूम सांधले, नऊ खुणा घातल्या, आणि तुमचा आवाज परत कधी कानी पडू नये म्हणून मूळ रेकॉर्डिंग त्याच रागाच्या भरात पुसून टाकलं.

सीडी पहिल्यांदा दिली शेजारच्या इमाद न्हाव्याला. दहा मिनिटांत परत घेऊन आला. "वजदी, तुझी सीडी अडकतेय रे. एकच ओळ चौदा वेळा वाजते!" मी खेकसलो की ती अडकत नाही, शेखसाहेब चौदा वेळाच गायले होते. तर म्हणतो, "उगाच कशाला गातील?"

उगाच कुठे? तुम्ही मागितली म्हणून गायले! मागणाराच कापल्यावर गाणारा एकटाच वेड्यासारखा तेच तेच म्हणत बसलाय. आता सांगा, चूक कोणाची? तुमचीच! माणसाने इतकंही ओरडू नये, की त्याच्यावाचून गाणंच उभं राहू नये. पुन्हा माझ्या माइकच्या आसपास दिसलात, तर मामा-भाच्याचं नातं विसरेन, सांगून ठेवतो.

मामींना सलाम. तुम्हाला वर एकदा केलाय, तेवढा पुरे.

तुमच्यामुळे डोकं फिरलेला,
वजदी

ता.क. काल शेखसाहेबांनी ती सीडी शेवटपर्यंत ऐकली. मग पाटीवर लिहिलं, "त्या दिवशी कोणालाच आवडलं नव्हतं का रे?" मी थाप मारली की ही कच्ची आहे, पक्की शुक्रवारी आणतो.

ता.क. २. गुरुवारी सकाळच्या गाडीने या. एकसष्ट जागांची यादी तयार आहे आणि माइक दोन हातांवरच ठेवीन. बिया मी आणून ठेवल्या आहेत.