गिल्दार्दोला हरवणारं यंत्र

२ जुलै, बुधवार
आजपासून ही वही. विषय एकच : गिल्दार्दो ओस्पिनावर सूड.
आधी वस्तुस्थिती. गेल्या वर्षी आमच्या 'धुक्याचे स्वार' मोटरसायकल क्लबच्या वार्षिक सफरीत सगळ्यात पुढे मी होतो. हँडलवर मोबाइल. मोबाइल उन्हाने तापला आणि म्हणाला, डावीकडे वळा. वळलो. चौदा मोटरसायकली थेट नन्सच्या मठाच्या परसात, वाळत घातलेल्या कपड्यांत. एक ओली चादर माझ्या हेल्मेटवर. यात माझी चूक शून्य. पण रात्री जेवताना गिल्दार्दो खुर्चीवर चढला, डोक्यावर टेबलक्लॉथ घेतला आणि माझी नक्कल केली. लोक हसून हसून रडले. तेव्हापासून माझं नाव कोलंबस. नोटरी ऑफिसातसुद्धा. परवा साहेब म्हणाले, कोलंबस, तो शिक्का आणा जरा.
चाळीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं एकाच मोपेडवर चालवायला शिकलो होतो. म्हणून जास्त लागलं.
योजना : यंदाची सफर वीस तारखेला, डोंगरावरच्या गार पठारावरून पलीकडे मुरिल्यो गावाला. मी मोटरसायकलचा खराखुरा जीपीएस घ्यायचा. सगळ्यांच्या आधी पोचायचं. गिल्दार्दो येईल तेव्हा मी चौकात पायावर पाय टाकून हॉट चॉकलेट पीत असेन. त्याच्याकडे न बघता एकच वाक्य बोलेन.
वाक्य ठरवायचं आहे.

५ जुलै, शनिवार
योलिमाच्या दुकानात गेलो. हेल्मेटपासून टायरपर्यंत सगळं तिच्याकडे मिळतं. तिने विचारलं, कुठे कुठे फिरता? मी म्हणालो, सर्वत्र. म्हणाली, नीट सांगा, त्यावर ठरतं. सांगावं लागलं : घर ते ऑफिस, रविवारी आईकडे. ती म्हणाली, मग एवेलियोसाहेब, चांगला होल्डर घ्या, मोबाइल पुरेल.
मोबाइल पुरेल! मला! ही गिल्दार्दोच्या हार्डवेअरच्या दुकानातून स्क्रू घेते. सगळं लक्षात आलं.
तिथून खरेदी नाही.

६ जुलै, रविवार
मेहुण्याच्या गाडीतला जीपीएस आणला. स्क्रीन मोठा, आवाज खणखणीत. योलिमाला काय कळतं?

७ जुलै, सोमवार
पाऊस. गाडीतला जीपीएस गाडीत असतो, आणि गाडीला छप्पर असतं. हा मुद्दा माझ्या ध्यानात होताच, म्हणून प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती. पिशवीत वाफ धरली. यंत्र शेवटचं 'उजवीकडे' म्हणालं आणि गेलं. मेहुण्याला अजून सांगितलेलं नाही.

८ जुलै, मंगळवार
आज क्लबची मीटिंग. बहिष्कार. माझी गैरहजेरी जाणवते का ते बघायला समोरच्या कॅफेत बसलो. आतून हशा ऐकू आला, मग टाळ्या. नक्की माझ्यावरच. गिल्दार्दोचे तीन फोन आले. उचलले नाहीत. क्लबचे मेसेज बंद करून टाकले.
वाक्याचा पहिला खर्डा : 'काय रे, रस्ता सापडला का?' बरं आहे, पण पुरेसं टोचत नाही.

१० जुलै, गुरुवार
ऑफिसातल्या एकाने त्याचा ट्रेकिंगचा जीपीएस वापरून बघायला दिला. पाण्यात पडला तरी चालतो, बॅटरी तीन दिवस. स्क्रीन बिस्किटाएवढा. चालवताना दिसावा म्हणून वाकलो, तर भाजीच्या हातगाडीला आरसा लागला. बाई म्हणाली, म्हाताऱ्या, रस्ता खाली नाही, समोर आहे! चष्मा लावून दिसतो, पण चष्मा हेल्मेटमध्ये जात नाही.
परत केला.

१२ जुलै, शनिवार
योलिमाकडे गेलो. (खरेदीवर बहिष्कार होता, चौकशीवर नव्हता.) तिने तिसऱ्या जातीचा दाखवला. खास मोटरसायकलचा. ग्लोव्ह्ज घालून बोट लावलं तरी चालतो, उन्हात दिसतो, पावसात टिकतो, हादऱ्याने निखळत नाही, करंट बाईकच्या बॅटरीतून घेतो. आवाज हेल्मेटमध्ये ऐकू येतो. वर रस्त्याची निवड : जलद, वळणदार, साहसी.
हाच!
किमतीबद्दल बायकोला, नुबियाला, सांगताना 'ऑफर' हा शब्द चार वेळा वापरला. ती म्हणाली, अहो, एका माणसावर रागावलात म्हणून इतकं महाग यंत्र? त्याच्याशी बोलून बघा ना, ते फुकट आहे.
बायकांना तत्त्व कळत नाही.

१५ जुलै, मंगळवार
सराव. यंत्रातली बाई शांतपणे बोलते, हसत नाही. ऑफिसला तिच्या सांगण्यावरून गेलो. बावीस मिनिटं उशीर, कारण 'साहसी' निवडलं होतं. पण एक नवी गल्ली कळली.
गिल्दार्दो आज घरी येऊन गेला. मी मागच्या खोलीत. नुबियाला म्हणे विचारत होता, एवेलियो बरा आहे ना, काही दुखतंय का? किती साळसूद!

१९ जुलै, शनिवार
बाकीचे सातला पेट्रोलपंपावर जमणार. मी साडेपाचलाच निघणार. फोन बंद ठेवायचा. जीपीएस असलेल्या माणसाला फोन लागत नाही. रस्ता : साहसी. विजय पूर्ण हवा.
वाक्य ठरलं : 'गिल्दार्दो, कोलंबस पोचला.'
आरशासमोर अकरा वेळा म्हटलं.

२० जुलै, रविवार. मुरिल्यो, दुपार
पोचलो! पहिला!
रस्त्याबद्दल थोडक्यात. बाईने मुख्य रस्ता सोडायला लावला. पुढे दूधवाल्यांची पायवाट, दोन फाटकं, एक बैल. धुकं असं की स्वतःचे ग्लोव्ह्ज दिसेनात. स्क्रीन मात्र स्वच्छ. तीन तासांचा रस्ता सहा तासांत. तरी पहिलाच.
चौकात पायावर पाय टाकून बसलो आहे. चॉकलेट घेतलं, त्यात रिवाजाप्रमाणे चीज. टपरीवाल्या अनाइसबाईने फोटो काढून दिला. विचारत होती, शर्यत होती का? मी म्हणालो, तसंच काहीसं. म्हणाली, मग बाकीचे?
येतीलच.

त्याच दिवशी, अडीच
दुसरं चॉकलेट. कोणी नाही. बहुतेक चुकले असतील. जीपीएस नाही ना!

त्याच दिवशी, चार
एक पोलीस आला. म्हणाला, एवेलियो आर्बेलाएस तुम्हीच का? मला वाटलं, अभिनंदन करतोय. म्हणाला, अहो, सकाळपासून सगळं पठार पालथं घालतायत तुमच्यासाठी. एक जण पडला. त्याला मनिसालेसच्या हॉस्पिटलात नेलंय.

२१ जुलै, सोमवार
नुबियाने काल दार उघडलं आणि माझ्या हातातलं हेल्मेट घेऊन कपाटात बंद केलं. हे सगळ्यात वाईट.
हळूहळू कळलं ते असं. काल सातला तेराही जण पेट्रोलपंपावर माझी वाट बघत थांबले. साडेसातला घरी फोन केला. नुबिया म्हणाली, ते केव्हाच निघाले. वर धुकं, माझा फोन बंद. गिल्दार्दो म्हणाला, सफर गेली खड्ड्यात, आधी त्याला शोधू. एका दूधवाल्याने सांगितलं, एक जण आमच्या पायवाटेने वळलेला बघितला. गिल्दार्दो त्या वाटेवर घुसला. दुसऱ्या फाटकापाशी खडीवर मागचं चाक सरकलं. गळ्याचं हाड मोडलं.
थांबले का होते, हे मी सेक्रेटरीला फोन करून विचारलं. तो म्हणाला, म्हणजे? यंदा पुढे तूच ना! आठ तारखेच्या मीटिंगमध्ये गिल्दार्दोनेच तुझं नाव सुचवलं. म्हणाला, गेल्या वर्षी मी जरा जास्तच केलं, यंदा एवेलियोच पुढे, आणि नन्सकडे नेलं तरी मुकाट जायचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेसेज पाठवले होते, वाचले नाहीस?
म्हणालो, नेटवर्क नव्हतं.

२२ जुलै, मंगळवार
हॉस्पिटल. गिल्दार्दोच्या खांद्यापासून छातीपर्यंत पट्टे. मला बघून म्हणाला, अरे गाढवा, आहेस होय! आणि चक्क रडायला लागला. त्याची बायको म्हणाली, हलू नका हो, टाके नाहीत पण हाड आहे.
त्याने विचारलं, वर फुलं होती का रे? जुलैत पिवळी असतात. म्हणालो, बघितली नाहीत. खरं तर स्क्रीन बघत होतो. मग म्हणाला, आणि मुरिल्यो? कसं वाटलं?
वाक्य तयार होतं. तोंडातून निघालं, कोणीच नव्हतं रे तिथे.

२७ जुलै, रविवार
या आठवड्यात रोज सकाळी सहाला गिल्दार्दोच्या दुकानाचं शटर वर करून मग ऑफिसला. त्याच्या बायकोला ते उचलत नाही. आज त्याची दाढी केली. म्हणाला, हात हलका आहे तुझा. मग विचारलं, इतके दिवस फोन का उचलत नव्हतास? तब्येत बरी नव्हती का?
ही वही इथेच बंद. गिल्दार्दोला मी मोठ्या मनाने माफ केलं आहे. त्याला तसं सांगणार होतो, पण मग आधी हे सांगावं लागेल की मी रागावलो होतो. ते त्याला अजून माहीतच नाही.