नवसाचं काय करू?

शनिवार, दिवेलागणीनंतर

मारुतीला जाऊन आलो, तरी मन थाऱ्यावर नाही. विशालने आज सांगून टाकलं, "बाबा, आता मी भरतीचे फॉर्म नाही भरत. ड्रोनच्या फवारणीतच मन लागून राह्यलं मायं." वर फवारणीच्या कमाईतून आणलेला पेढा पुढे केला.

"काऊन बे? फवारणी काय बारा महिने चालते?"

"नाही चालली तं निवांत झोपीन. तुम्ही तं पीक चांगलं आलं तरी काळजीच करता!"

त्याची आई हसली. तोही हसला. परीक्षा द्यायचा तेव्हा हा पोरगा जेवताना मानही वर करत नव्हता.

पेढा मी घेतला नाही. "शुगर आहे ना त्याईले," त्याची आई म्हणाली. घरात सगळ्यांना तसंच वाटतं. त्याला सरकारी नोकरी लागेपर्यंत मी गोड सोडलंय, हे फक्त मारुतीला ठाऊक. विशालला सांगितलं, तर माझ्यासाठी तो उद्याच पुन्हा फॉर्म भरेल. नाही सांगायचं. पण नवस? मोडायचा? की जन्मभर पाळायचा? मुळात मी नोकरीच का मागितली? पोरगा हसता राहू दे, एवढं मागायचं मला सुचलंच कसं नाही?