दोन ठोके, कोणता पाय

बाबा, तुमचे ते दोन दगड अजून माझ्याकडे आहेत. चंद्रपूरला मी पोरींना लांब पल्ल्याचं पोहणं शिकवते, आणि माझ्या पिशवीत शिटी, टॉवेल यांच्या खाली ते पडलेले असतात. घुग्घुसच्या खाणीतली पहिली पाळी संपवून तुम्ही मोटारसायकलवरून थेट वस्तीमागच्या तलावावर यायचात, कानामागे कोळसा तसाच. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहायचात आणि पाण्याच्या आत दगडावर दगड ठोकायचात. गोंडपिपरीकडच्या तुमच्या गावात मासे जाळ्याकडे हाकलायला लोक असेच दगड वाजवायचे. तुम्ही त्यावर आम्हा दोघींना हाकललंत, मला आणि मागच्या ओळीतल्या क्वार्टरमधल्या तिला. काठावरून कितीही ओरडलं तरी पोहणाऱ्याला ऐकू येत नाही, पण पाण्यातला ठोका थेट डोक्यात वाजतो. एका ठोक्याला एकदा पाय मारायचा, एवढंच तुमचं शास्त्र.

पण ठोके दोघींना सारखे नव्हते. दोन्ही हात एकेकदा फिरून येईपर्यंत मला सहा ठोके, तिला फक्त दोन. मी पाण्याचा नुसता फेस करत जायची आणि ती आपली सावकाश, पाय जणू मागे झोपलेले, आणि शेवटच्या फेरीला माझ्या पुढे. तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "तुले सहा, तिले दोन. काऊन म्हणून इचारू नको." मी कशाला विचारीन? मी जळले. माझ्याच बापानं खरी किल्ली शेजारच्या पोरीच्या हातात दिली, असं मला वाटलं, आणि आई तिला पोहे द्यायची तेव्हा त्या बशीचासुद्धा मला राग यायचा. तिला शिकवायची वेळ आली की तुम्ही मला पायऱ्यांवर बसायला सांगायचात. मी बसते. मग हळूच छातीपर्यंत पाण्यात उतरते, मान वाकडी करून एक कान बुडवते. ठक. मग बराच वेळ काही नाही. ठक. अख्खा पावसाळा मी ती चाल अशी चोरून पाठ केली.

जिल्ह्याच्या निवडीत पंधराशे मीटरला मी ती बाहेर काढली. मनात तुमचे ठोके मोजत, दोनच वेळा पाय. पहिल्या शंभरातच कंबर डावी-उजवीकडे हेलकावायला लागली, पाय खाली जायला लागले, आणि मी नाकातोंडात पाणी घेत सगळ्यांच्या मागून भिंतीला हात लावला. ती पहिली आली. ठोका ऐकून कितीदा ते कळतं, कोणता पाय ते कळत नाही. उजवा हात पुढे पाण्यात शिरतो तेव्हा डावा पाय खाली मारायचा, डाव्या हाताला उजवा. मी ज्या बाजूचा हात त्याच बाजूचा पाय मारत होते. तुम्ही टॉवेल घेऊन आलात. मला वाटलं, आता तरी समजावाल. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "कोनाचे पाय लावून पोहून राह्यली तू?" तिथं उभी होती ती, केस पुसत. त्या दिवसानंतर मी तलावावर आले, पण तुमच्याशी नीट बोलले नाही, आणि पुढं तुम्हीच राहिला नाहीत. कोणता पाय ते मला फार उशिरा, दुसऱ्यांना शिकवताना कळलं.

गेल्या महिन्यात ती आली होती, बाबा. तिची मुलगी आता माझ्याकडे शिकते. बाकावर बसून तिनं डबा उघडला, मला अर्धी पोळी दिली आणि तुमच्याबद्दल, अजून तुम्हाला भाऊच म्हणत, सहज बोलून गेली, "भाऊ मले म्हनत, 'तुया पायात दमच नाई, तू दोनच मार. माह्या पोरीचे पाय पाह्य, ते सहा मारूनबी थकत नाई.' मले लय राग ये तुया पायाचा." आणि हसली. मी पण हसले. घरी आल्यावर मात्र अंगाचा तिळपापड झाला. एवढं कौतुक होतं तर ते शेजारच्या पोरीला सांगितलंत? मला सांगायला तुमचं काय जात होतं? ते शब्दही तिनंच नेले. माझ्या पायांचं कौतुकसुद्धा मला तिच्या तोंडून ऐकावं लागलं.

तिची मुलगी हुबेहूब तिच्यासारखी आहे. सहाच्या नादात आठशेला दमते, पण हात असे लांब की बघत राहावं. दोनच ठोके तिच्या अंगाचे आहेत, हे मला पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं, आणि मी गप्प बसले. निवड रविवारी आहे. शेवटी सोमवारी दगड काढले, पाण्यात हात घालून दोन-दोन वाजवले. मुलगी भिंतीशी आली, चष्मा वर केला आणि मी कधीच न विचारलेलं तिनं विचारलं, "बाई, दोन कळले. पन कोनता पाय?"

हे पत्र कुठं टाकणार मी. दगडांच्या खाली पिशवीत राहील. पण तुम्हाला सांगायला हवं. मी तिला म्हटलं, "उद्या सांगते." आज गुरुवार आहे.