पातेल्याची माकडटोपी

कायझर्सलाउटर्न, रविवार, २२ जानेवारी २००६

आज दही लागलं! तीनदा विरजण लावून नुसतं आंबूस दूध मिळालं होतं. या खोलीत मीच गोठतो, तिथे दुधाचं काय! काल पातेलं गरम हायझुंगवर, म्हणजे भिंतीवरच्या हीटरवर, ठेवलं आणि आईने बॅगेत कोंबलेली माकडटोपी त्याला घातली. मला त्या टोपीची लाज वाटते. पातेल्याला नाही वाटली.

संध्याकाळी आईचा फोन. "टोपी वापरतोस ना रे?"

"रोज," म्हटलं. इतकी खूश झाली की तेव्हापासून मन खातंय. वापरात आहे, हे तर खरंच ना? पण तरी...

उद्या उणे दहा म्हणतायत. टोपी मी घातली तर दही कसं लागणार, आणि कढीचं काय?

आल्झो, इथले लोक 'तर मग'ला म्हणतात तसं, ठरलं. दिवसा मी, रात्री दही.