एकाला गोळी, एकाला पुडी

११ जून १९५५, वडगाव
हे आले घरी. बारामतीला मामांच्या पडवीत पडून होते, क्षयाच्या सुया संपल्या, आता घरीच औषध. गाडीतून उतरले तर धोतर कमरेवर ठरेना. चंद्रीनं बापाला ओळखलं नाही, माझ्या पदराआड शिरली. हसले तेवढे मात्र पहिल्यासारखे.
डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्या दिल्यात नि पुड्या. मला समोर उभी करून दोनदा वदवून घेतलं. दोन्ही बरोबर घ्यायची, बरं वाटलं तरी सोडायची नाहीत, वर्ष जाईल, दीड वर्ष जाईल. "बाई, एक घेतली नि एक टाकली, असं चालणार नाही." म्हटलं, मी आहे ना! सातवी पास म्हणून जरा तोऱ्यातच म्हटलं.

१४ जून
पुडी म्हणजे नुसता छळ. पाण्यात कालवून देते, हे नाक दाबून पितात, नि घटकाभरात भाकरीसकट सगळं बाहेर. आज पेला भिरकावला. "बिनपुडीचं मरू दे मला!" मग मीही तोंड सोडलं. चंद्री रडायला लागली म्हणून भांडण मिटलं, नाहीतर...
गोळी मुकाट घेतात. इवलीशी तर आहे.

२ जुलै
बापू खोकतो. मला वाटायचं तंबाखू. धाकटा दीर, त्याला कोण विचारणार. आज वांग्याला दारं धरता धरता बांधावर मटकन बसला नि थुंकला, तर लाल. मला बघून पायानं माती ओढली त्यावर.
"वैनी, आईची आण हाय, कुणाला बोलू नगा."
कळसच्या लोकांनी मुलगी द्यायचं कबूल केलंय, माघात लग्न. यांना कावीळ झाली असं सांगून ठेवलंय तिकडं. दुसराही खोकतो म्हटल्यावर कोण देतंय पोरगी?
म्हटलं, डॉक्टरकडं तर चल. "बारामतीच्या बाजारात कळसची माणसं असत्यात. दवाखान्याच्या दारात मला बघितलं की झालंच."

३ जुलै
सांगून टाकलं. आण त्यानं घातली होती, मी घेतली नव्हती.
आत्याबाई रडल्या नाहीत. भिंतीला टेकून बसल्या नुसत्या. सासू म्हणून मला कितीही जाचक असोत, लेकांच्या बाबतीत बाई एकदम सरळ. गुळाचा खडा आला तरी दाढेनं फोडून दोघांना सारखा. सासरे गेले, मेंढरं विकून मळा केला, तरी आत्याबाईंचं डोकं अजून कळपातच. एक मेंढरू खोकलं की सगळ्यांना झाडपाला वाटून पाजायचा, हेच शिकलेल्या.
दिवेलागणीला दोन्ही डबे पुढ्यात घेऊन बसल्या. "थोरल्याला पुडी सोसत न्हाय, ओकून वाया जाती. बापूला सोसंल. थोरला गोळी घील, बापू पुडी घील. दोगांबी पोटात दवा जातोय, कळसला कळत न्हाय. काय वंगाळ हाय त्यात?"
म्हटलं, डॉक्टर दोन्ही बरोबर म्हणालेत.
"डाक्टरला एकच रोगी ठावं हाय. माजी दोन लेकरं हायती."
हे तर पुडीतून सुटका झाली म्हणून खुशीत. मी भांडले, अगदी हातवारे करून भांडले. "मग काय बापूला मरू देतीस?" म्हणाले. गोळ्यांचा डबा मी उचलला, पुड्यांचा आत्याबाईंनी.

२० ऑगस्ट
खोटं कशाला लिहू, गुण आहे. यांचा ताप गेला. दीड भाकरी खातात नि वर कालवण मागतात. बापूचं रक्त थांबलं, खांद्यावर पाटी घेऊन चालतो. आत्याबाई नुसत्या माझ्याकडं बघतात. बघा बाई. हरले मी. बिरोबाला नारळ मीच फोडून आले आज.

१७ सप्टें.
औषध आणायला हे एकटेच बारामतीला. डॉ. विचारतात, दोन्ही घेता ना? हे म्हणतात, व्हय. डॉ. पाठ थोपटतात. घरी येऊन नक्कल करून दाखवत होते. आत्याबाई हसल्या, बापू हसला. मला मेलीला हसू येईना.

३० ऑक्टो.
कळसचे तात्या, मुलीचे वडील, मळा बघायला आले. बापूला बघून खूष. "जावई भरल्यात की अंगानं!" जेवायला वाढताना दोनदा ओठावर आलं माझ्या. हे समोरून माझ्याकडंच बघत होते. मी वाढून आत गेले.
त्या मुलीचं नाव हौसा. अजून बघितलीही नाही मी तिला.

९ नोव्हें.
यांना परत ताप. दुपार कलली की चढतो. "दवा चालू हाय की, मग?" मलाच विचारतात. गोळी एकही चुकलेली नाही, रोज माझ्या हातानं देते. आणि तरी ताप.
बापूलाही विचारलं. म्हणाला, न्हाय, मी झ्याक हाय. घाम पुसत होता.

२७ नोव्हें.
व्हायचं ते झालं. इंदापूरला लग्नाची लुगडी बघायला कळसची मंडळी नि बापू. दुकानात गादीवर बसल्या बसल्या खोकला आला नि भडाभडा रक्त. हिरव्या लुगड्यावर, तात्यांच्या अंगावर.
तात्यांनी आरडाओरडा केला नाही. आपल्या पटक्यानं बापूचं तोंड पुसलं, एस्टीत बसवला नि स्वतः घरी आणून सोडला. उंबऱ्याच्या आत आले नाहीत. "आक्का, आदी सांगायचं व्हतं. पोर हाय माजी." आत्याबाईंना एवढंच बोलले.
मोडलं लग्न. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पाणीसुद्धा प्यायला नाही तो माणूस.

४ डिसें.
दोघांना घालून बैलगाडी बारामतीला. आत्याबाई हट्टानं आल्या. डॉ.नी बापूला तपासलं, यांना तपासलं, कपाळाला आठ्या. औषध नीट घेता ना? मी तोंड उघडायच्या आत आत्याबाईच बोलल्या, आणि अभिमानानं हो! "थोरल्याला गोळी, धाकल्याला पुडी. कुणावर अन्याव केला न्हाय."
डॉ. ओरडले. इतके ओरडले की बाहेरचे रोगी डोकावले. 
मग सावकाश सांगितलं. गोळीनं पुष्कळ जंतू मरतात, पण काही चिवट असतात, त्यांना गोळीचं काही वाटत नाही. त्यांना मारायला पुडी. पुडीला दाद न देणारे असतात त्यांना गोळी. म्हणून जोडीनं द्यायची. सुटी सुटी दिली की चिवट तेवढे मागं राहतात, वाढतात. आता थोरल्यावर गोळी चालायची नाही, धाकट्यावर पुडी.
आत्याबाई नीट ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मग आता आदलाबदल करू. थोरल्याला पुडी, धाकल्याला गोळी."
"नाही हो आई," डॉ. म्हणाले. "पुन्हा तेच होईल."
दोघांना पुन्हा सुया सुरू, दोघं आहेत म्हणून कंपाउंडर सायकलनं घरी येऊन टोचणार. येताना बैल आपल्या चालीनं चालले. कुणी हाकलं नाही.

१ जाने. १९५६
नवं साल म्हणे. बापू उठत नाही.

२२ जाने.
बापू गेला. सकाळी, चहा मागितला नि प्यायला नाही.
आत्याबाई सारख्या एकच म्हणतात, "माज्या हातानं दिली रं तुला." कुणी काय सांगायचं.
राग येतो मला त्यांचा. फार राग येतो. आणि त्यांना जवळ घेऊन बसते, कारण दुसरं कोण आहे त्यांना.

१९ फेब्रु.
हे मळ्यातल्या खोपीत राहतात आता, वारा लागावा म्हणून. सुयांनी कान चाललेत. मागून हाक मारली तर मान वळत नाही, समोर जाऊन उभं राहावं लागतं. चालताना तोल जातो. ताप आहेच.
पुडी घेतात. मुकाट. ओकतात, तोंड धुतात, परत मागतात. आज मी पेला देताना रडले तर म्हणाले, "आता काय रडतीस, तवा भांडलीस ती कमीच भांडलीस." हसत म्हणाले, पण म्हणाले.

११ मार्च
मला खोकला.
धूळ असेल. मिरच्या भाजल्या होत्या.

२५ मार्च
धूळ नव्हे. रात्री अंग घामानं भिजतं. चंद्रीला इंदापूरला माझ्या आईकडं पोचवली. पोर गाडीच्या मागच्या फळीवरून हात हलवत होती. मी लांबच उभी. मुका घेतला नाही.

८ एप्रिल
डॉक्टर म्हणाले, आहे. उजव्या फुप्फुसात, वरच्या बाजूला. लवकर सापडलंय म्हणाले. दोन्ही औषधं दिली, गोळी नि पुडी, शिवाय मामांच्या पडवीत राहून सुई.
मी विचारलंच. औषध लागेल ना मला?
डॉक्टरांनी यांचा नि बापूचा कागद काढून बघितला. मग म्हणाले, "तुम्ही दोघांचंही केलंत. नवऱ्याकडून आला असेल तर गोळी चालायची नाही. दिराकडून असेल तर पुडी चालायची नाही. इथं बसून मला सांगता येत नाही, बाई. तिन्ही घ्या, एकही चुकवू नका. दोन-तीन महिन्यांत कळेल."

९ एप्रिल
उद्या बारामतीला जायचं. आज इथंच सुरुवात केली.
आत्याबाई पाट घेऊन समोर बसल्या. गोळी मोजून हातावर ठेवली, पुडी स्वतः कालवली. "दोनीबी. माज्याम्होरं." गिळल्यावर तोंड उघडायला लावलं, बघितलं. या घरात पहिल्यांदाच एका माणसाला अख्खं काही मिळालं.
मग पेला हातात तसाच धरून हळूच विचारलं, "कुणाचा लागला गं तुला? थोरल्याचा का बापूचा?"
म्हटलं, काय माहीत आत्याबाई.
खोपीतून यांचा खोकला ऐकू येत होता. त्यांना माझा ऐकू जात नसणार.
पुडी ओकून गेली. आत्याबाई दुसरी कालवतायत.