ओगराळ्याचा आवाज

सोमवार, ९ मार्च

आजपासून गप्प. कप्तानसाहेबांनी सगळ्यांना बजावलं — बोलायचं ते कुजबुजत, चालायचं ते मोज्यांवर, आणि हातातून काही पडलं तर पाडणाऱ्याची खैर नाही! पाणबुडीत आवाज करणं म्हणजे दिवा लावून चोरी करायला जाणं.

मी माझ्या स्वयंपाकघरात रबरी चटया अंथरल्या, झाकणांच्या मुठींना चिंध्या बांधल्या. एवढं करूनही दुपारी बटाटे वाढताना ओगराळं पातेल्याच्या काठावर आपटलंच. ठक्... ठक्. चिकटलेलं सुटावं म्हणून. आयुष्यभराची खोड. हात काय मला विचारून करतो?

लगेच कानसेन दारात हजर. पाण्यातले आवाज टिपायला यंत्र लावून बसतो, म्हणून हे नाव. "मामा, शत्रूलाही पंगतीला बोलावताय का?" म्हणाला हसत, पण कपाळाला आठी होती.

स्टीलचं ओगराळं कपाटात टाकलं. आता लाकडी.

बुधवार, ११ मार्च

घरून निघताना ही म्हणाली होती, "खिडकीतून मासे दिसत असतील नाही?" खिडकी! इथे सूर्य उगवला की नाही तेसुद्धा घड्याळाला विचारावं लागतं.

आमचं काम काय, हे तिला कसं सांगू? काही न करणं, हेच काम. त्यांच्या बंदराच्या तोंडाशी, खोल पाण्यात, मुंगीच्या पावलांनी फिरत राहायचं. त्यांची डोंगराएवढी जहाजं धक्क्याला बांधून पडली आहेत. का? तर खाली आम्ही असू, या भीतीने. आहोत हे त्यांना नक्की माहीत नाही, नाही हेही माहीत नाही. अंथरुणात विंचू शिरलाय अशी नुसती शंका आली, तरी सगळं घर रात्रभर उभं राहतं. आम्ही तो विंचू.

देवाने मला विंचू करावं, असं कधी वाटलं नव्हतं.

गुरुवार, १२ मार्च

पाव संपले. कोणी कुरकुरलं नाही. हे काही बरं लक्षण नाही.

शनिवार, १४ मार्च

त्यांचं एक लढाऊ जहाज बाहेर पडलं. आम्ही टॉर्पेडो सोडला.

मला कळलं ते एवढंच — बोटीला हिसका बसला, मग बराच वेळ काही नाही, मग दूरवर कोणीतरी मोठं दार लोटावं तसा आवाज. कप्तानसाहेब सगळ्यांना म्हणाले, "ते आपल्या माणसांना मारायला निघालं होतं." खरं आहे. मी नाही म्हणत नाही. चहा केला. कोणी प्यायला नाही.

कानसेन पुढ्यातला कप नुसता फिरवत बसला. म्हणाला, "मामा, माणसांचे आवाज नाही येत हो. ते एक बरं आहे. पण जहाज आडवं झालं तेव्हा भांडी घसरली. सगळी एकदम. ती ऐकू आली."

म्हणजे जेवणाची वेळ होती.

रविवार, १५ मार्च

हात जोडून बसलो. कोणासाठी मागायचं ते सुचेना. म्हटलं, तूच काय ते ठरव.

सोमवार, १६ मार्च

दिवसभर डोक्यावर त्यांची जहाजं. आम्हाला शोधायला पाण्यात आवाज सोडतात, तो आपल्या पत्र्यावर आपटून परत जातो का ते बघतात. पत्र्याला कान न लावताही ऐकू येत होतं. दरवेळी मिस्त्री, आमचा इंजिनवाला, डोळे मिटून घ्यायचा. डोळे मिटले की आपण त्यांना दिसेनासे होतो की काय!

संध्याकाळी एकदम सगळं थांबलं. मी सुस्कारा सोडला. मिस्त्री म्हणाला, "एवढ्यात नको सोडू. वरचे निघून गेले म्हणजे त्यांनी खालच्याला वाट करून दिली. आता त्यांची पाणबुडी येईल. ती आपल्यासारखीच. मुकी."

मंगळवार, १७ मार्च

आज जे केलं ते लिहून ठेवतो. दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही.

दुपारी पिठाच्या पोत्यावर बसून मनात देवाचं नाव घेत होतो. निरोप आला, साहेबांनी बोलावलंय. आत गेलो तर सगळे माझ्याकडे बघताहेत. कानसेनने आपलं यंत्र माझ्या कानांवर चढवलं. टिपून ठेवलेला आवाज होता.

आधी नुसती समुद्राची घरघर. मग — ठक्... ठक्. पहिला जोरात, दुसरा हलका.

साहेब अगदी हळू बोलले. "मामा, मागच्या आठवड्यातली खोड पुन्हा केलीत का? तुमचा आवाज असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर त्यांची पाणबुडी इथेच आहे, आणि मला आत्ता टॉर्पेडो सोडायचाय."

तो आवाज मी ओळखला. पातेलं तळाला आल्यावर येतो तसा. कोणीतरी शेवटच्या माणसाला वाढत होता, खरवडून. माझ्यासारखाच कोणीतरी. त्यालाही ताकीद मिळाली असेल. त्याच्याही हाताने ऐकलं नसेल.

"हो साहेब," म्हटलं. "माझाच हात. लाकडी ओगराळं तडकलं, म्हणून स्टीलचं काढलं."

खोटं बोललो की त्याला पायही आपणच जोडावे लागतात.

साहेबांनी तोंडावरून हात फिरवला. "किनाऱ्याला लागू दे, मामा. सोलून काढतो तुम्हाला." कोणीतरी फस्सकन हसलं. सगळ्यांचे खांदे खाली आले. कानसेन तेवढा हसला नाही. यंत्रात तोंड खुपसून बसला.

गावच्या शाळेत गुरुजी विचारायचे, खरं बोलून माणूस मरत असेल तर काय करावं? आम्ही पोरं एका सुरात म्हणायचो, खोटं बोलावं! गुरुजींनी एवढंच विचारलं होतं. खोटं बोलून मरत असेल तर — हे नाही विचारलं. या बोटीत माझ्या हातचं जेवणारी पोरं आहेत. त्यांच्या आया मला ओळखतही नाहीत.

बुधवार, १८ मार्च

कानसेन आला. दार लावून घेतलं.

"मामा, तो आवाज उजवीकडून, बाहेरून आला होता. मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात तर बोललो असतो."

मग मी विचारलं, "आता कुठे आहे ती?"

"पाणबुडी पाठीमागून बहिरी असते, मामा. आपल्याच बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या घरघरीत मागचं काही ऐकू येत नाही. सकाळी ती सरकत सरकत आपल्या मागे गेली." मान मागे वळवून म्हणाला, "अजून बाहेर आलेली नाही."

साहेबांना सांगायला दोघे निघालो आहोत. देवा, एवढा वेळ तरी दे.