जाड तेल

रहाटणी,
११ जानेवारी १९७६

प्रिय कस्तुरा,

संक्रांतीला मी निघोज्याला येत नाही. आबांना वाटेल, मोठीला माहेराचा विसर पडला. तसं काही नाही. गाडी बसली. आमच्या गोठ्यात दोन म्हशींच्या शेजारी ती उभी आहे आणि सासूबाई तिच्या बॉनेटवर कडब्याच्या पेंढ्या रचतात. गाडीबरोबर माझी चिंचवडची बालवाडीही गेली. माझा डावा पाय मला एसटीच्या थांब्यापर्यंतसुद्धा नेत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको, शाळेत असताना माझं दप्तर तूच वाहिलंस. सगळे हळहळतात, जुनीच गाडी, कधीतरी जायचीच होती म्हणतात. जायची नव्हती. घालवली. कशी, ते सविस्तर ऐक.

इथल्या कंपनीतला जर्मन साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्याची ही गाडी आमच्या सोपानरावांनी घेतली. हो, नवऱ्याचं नाव सरळ लिहिते आहे, उखाणा न घेता. त्यांच्यासाठी यमकं जुळवायचा आता कंटाळा आला. कंपन्यांना जमीन दिल्यापासून या गृहस्थांना मिशीला पीळ देण्यापलीकडे उद्योग नाही. गाडी दारात आली आणि मग कळलं, की हिला क्लच नाही, गिअर आपले आपण बदलतात. झालं! भर गावातून खडखड गिअर टाकत जाण्यातच ज्यांचा सगळा पराक्रम, त्यांना ती एकदम बायकी वाटायला लागली. जन्मात ट्रॅक्टरशिवाय काही न चालवलेले त्यांचे दत्तोबामामा म्हणाले, “डाव्या पायाला कामच न्हाई, ही कसली गाडी म्हनायची?” मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. त्या ओसरीवर मामांच्या बोलण्याचा अर्थ फक्त मला कळला.

मला शिकवलं जयसिंगभावजींनी. माझा हा धाकटा दीर आयटीआय झालेला, कंपनीत मेंटेनन्सला. पहिली शिफ्ट संपली की यायचे आणि मला माळावर न्यायचे. मी दोनदा बांधावर चढवली तरी आवाज चढवला नाही. त्या दिवसांत मला वाटायचं, या घरात माणूस आहे तो एवढाच. मग मी चिंचवडला जायला लागले. मुलं “बाई आल्या” म्हणून गाडीभोवती गोळा व्हायची. कस्तुरा, आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या खांद्याचा आधार न घेता कुठेतरी पोचत होते. आणि गावात काय झालं, तर पारावरची रिकामी मंडळी सोपानरावांना विचारायला लागली, “काय राव, आज मालकीण सोडती का न्हाई तुमाला स्टेशनपत्तूर?” एवढ्याशा बोलण्यानं आमच्या मर्दाला चार दिवस जेवण गेलं नाही.

दिवाळीनंतर गाडी गिअर उशिरा घ्यायला लागली. भावजींनी गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी ओढून दाखवली. तेल मूळचं लाल आणि पातळ, ते काळं झालेलं. त्यांनी मला नीट समजावलं. एक, काही न करता चालेल तितकी चालवायची. दोन, पुण्याचा गॅरेजवाला म्हणतो तसं पंप लावून सगळं तेल एका दमात काढायचं. पण जुन्या गाडीत त्या मळावरच झिजलेल्या चकत्या धरून असतात, तो गेला की त्या घसरतात. तीन, खालचं झाकण काढून निथळेल तेवढंच, म्हणजे निम्म्याहून कमी, बदलायचं, महिनाभर चालवायची आणि पुन्हा तसंच करायचं. हाच मार्ग बरा, असं ते स्वतः म्हणाले आणि मुंबईहून लाल तेलाचे दोन डबे घेऊनही आले.

मग ओसरीवर सभा भरली. गाडी चालवणारी मी, पण मला कुणी बस म्हटलं नाही. मामा म्हणाले, “गिअरबॉक्सच हाय ना? मंग गिअरचं तेल वता की. जाड तेवढं दमदार.” जणू गाडी म्हणजे लाडवांवर पोसायचा पैलवान! भावजींनी तोंड उघडलं. ते वाईट आहे, गाडी जागेवर बसेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी स्वतः ऐकलं. सोपानराव नुसती मान हलवत राहिले.

पुढच्या आठवड्यात मला नणंदेकडे बारशाला धाडलं. परत आल्यावर सांगितलं, तेल बदललं, आता चिंता नको. दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी होती. गिअर टाकला, इंजिन बोंबलत राहिलं, गाडी हलेना. मग असा हिसका देऊन निघाली, की माझं डोकं मागे आपटलं. चिंचवड यायच्या आत जळका वास सुटला आणि ती थांबली ती कायमची. पट्टी मीच ओढली. तेल काकवीसारखं दाट, ट्रकच्या गॅरेजात येतो तसा उग्र वास. लाल तेलाचे डबे मला माळ्यावर सापडले, दोन्ही सीलबंद.

नवऱ्याला मी मूर्ख समजत होते. तो मान मी त्यांना उगीच दिला. डबे समोर ठेवले तेव्हा ते हसून म्हणाले, “गेली तर गेली. आता घरात बस.” त्यांचं मला नवल नाही. पण तेल बदलायला गाडीखाली गेला होता कोण? भावजींना विचारलं. ते जमिनीकडे बघत म्हणाले, “मला म्हाईत व्हतं वहिनी. पर दादाच्या शब्दाभाईर मी न्हाई.” आणि डोळ्यांत पाणी! मला त्या पाण्याची किळस आली. एवढं कळतं, वाईटही वाटतं, तरी हात थांबत नाही. आदल्या दिवशी मला एक निरोप धाडायची हिंमत झाली नाही या सद्गृहस्थाची.

आबांनी जयसिंगसाठी तुला मागणी आल्याचं कळवलं आहे, आणि तुझ्या चिठ्ठीत तू विचारलंस, मुलगा स्वभावानं कसा आहे. निर्व्यसनी आहे, कमावता आहे, वर मान करून बोलत नाही, बायकोवर हात उचलणार नाही. उद्या त्याच्या दादानं तुझी शाळा सोडवायला सांगितली, तर तो तुझ्याजवळ बसून रडेल आणि सोडवेल. कस्तुरा, तू या घरात आलीस तर माझ्यासारखी सुखी मीच. दिवसभर बोलायला माणूस नाही गं मला. त्यासाठी तू हो म्हणशील, हे मला माहीत आहे. म्हणून सांगते, नाही म्हण. आबा चिडले तर हे पत्र त्यांच्यापुढे टाक.

तुझीच,
प्रभाअक्का